न खाणाऱ्या सापांची वही

श्रावण लागला की आमच्या उपचार केंद्रात नाग येऊ लागतात. आठवडी बाजारात, देवळाच्या पायरीवर, एसटी स्टँडच्या मागे वनखात्यानं जप्त केलेले. वेताची टोपली, वर मळकं फडकं, आत वेटोळं. नागपंचमीच्या आधीचे आठ-पंधरा दिवस सगळ्यात वाईट. नाग आला की भोवती उभा असलेला प्रत्येक जण एकच विचारतो, "याला खायला काय देणार?"

खायला काही नाही. आधी पाणी.

साप अंग तापवायला अन्न जाळत नाही, ऊब बाहेरून घेतो. त्यामुळे त्याचा रोजचा खर्च तेवढ्याच वजनाच्या घुशीच्या मानानं अगदी थोडा असतो आणि धडधाकट नाग कित्येक आठवडे न खाता सहज काढतो. पाण्याचं तसं नाही. टोपलीतला नाग सुकलेला असतो. पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली तर घडी तशीच उभी राहते. डोळे आत गेलेले, तोंडात लाळेच्या चिकट तारा. त्याला कोमट पाण्याच्या टबात ठेवायचं, पाणी अर्ध्या अंगापर्यंत, म्हणजे दमलेला नाग डोकं वर ठेवू शकतो. वर जाळीचं झाकण, बाहेरून कापड. मग कापडाच्या फटीतून बघत बसायचं. तो तोंडाचं टोक पाण्यात टेकवतो आणि घशाखालची कातडी लयीत आतबाहेर होऊ लागते. ती हालचाल दिसली की केंद्रातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. ज्यांना पिण्याइतकंही त्राण नसतं त्यांना डॉक्टर सलाइन टोचतात, किलोमागे दिवसाला साधारण १५ ते २५ मिली, तेही विभागून.

उपाशी जिवाला लगेच पोटभर घालावं असं माणसाला वाटतं. इथं ती माया जीव घेऊ शकते. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात अचानक मोठं अन्न पडलं की रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस पेशींकडे ओढलं जातं, रक्तातली पातळी कोसळते आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून शरीरात पाणी भरेपर्यंत अन्न नाही, आणि नंतर पहिला घास लहान, नागाच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आतला.

*

दुधाबद्दल दरवर्षी बोलावं लागतं. बोलत राहीन.

साप दूध पीत नाही. पंचमीच्या दिवशी तो दुधाला तोंड लावतो, कारण त्याला त्याआधी बरेच दिवस पाणी दिलेलं नसतं. तहानेनं कासावीस झालेला जीव समोर येईल ते ओलं पितो. ते दूध त्याला पचत नाही. आणि सापाच्या श्वासनळीचं तोंड खालच्या जबड्यात अगदी पुढे, जिभेच्या म्यानाला लागून असतं. मोठं भक्ष्य गिळताना श्वास चालू राहावा म्हणून ती सोय. वाटीत तोंड दाबून धरलं की त्याच वाटेनं दूध फुप्फुसात उतरतं. मग न्यूमोनिया होतो, तोंड उघडं टाकून श्वास घेणं, नाकपुडीवर बुडबुडे. असे नाग आमच्याकडे पंचमीनंतर आठवड्याभरात येतात आणि त्यातले फार थोडे वाचतात. हळद-कुंकवाचं तेच. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, त्याच्या कडेला कुंकू जाऊन बसतं.

आमच्या आया-आज्यांनी नागाला भाऊ मानलं आहे. ती भावना मला मोलाची वाटते, मीही पाटावर गंधानं नाग काढूनच पूजा करते. चित्राला, मातीच्या नागाला, वारुळाला हात जोडले की पूजा पुरी होते.

*

तोंड तपासणं हे सगळ्यात जपून करायचं काम. डोकं माझ्या चिमटीत, अंग सहकाऱ्याच्या दोन्ही हातांवर तोललेलं, डॉक्टरांकडे टॉर्च आणि मऊ प्लास्टिकची पट्टी. पट्टी ओठांच्या मधून सरकवली की नाग आपोआप जबडा उघडतो. वरची हिरडी जांभळी, सुजलेली. विषदंत असायला हवेत तिथं दोन खड्डे. खड्ड्यांच्या कडेला पिवळट पू. सापाचा पू वाहत नाही, खव्यासारखा घट्ट होऊन बसतो आणि कापसाच्या बोळ्यानं थोडा थोडा सोडवून काढावा लागतो. कधी ओठ दोऱ्यानं शिवलेले असतात. टाका कापला की दोरा ओढायचा नाही, आधी ओला करायचा, कारण तो कातडीत रुतलेला असतो.

नागाचे विषदंत आयुष्यभर पडत आणि उगवत असतात. चालू दातामागे हिरडीच्या पडद्यात राखीव दात एकामागे एक तयार होत असतात. म्हणून उपटलेले दात काही आठवड्यांत परत येतात, मात्र जबड्याचं हाड मोडलेलं नसेल तरच. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, दात काढलेला नाग हा विषारी नागच धरायचा. गारुड्याच्या शब्दावर किंवा कालच्या तपासणीवर विसंबून हात घालायचा नाही. आकडी, पारदर्शक नळी, जवळच्या रुग्णालयात प्रतिविष असल्याची खात्री, हे सगळं त्यालाही लागू. दुसरी, तोंड भरून येईपर्यंत त्यानं खाल्लं नाही तर त्याला नावं ठेवायची नाहीत. सापाला अन्नाचा वास जिभेवाटे कळतो. जिभेची टोकं हवेतले कण आणतात आणि टाळूतल्या दोन बारीक छिद्रांशी असलेल्या जेकबसनच्या इंद्रियाला पोचवतात. ज्याचा टाळूच सुजलाय त्याला समोरचा उंदीर धड ओळखूही येत नसेल.

*

आमच्या भागात पूर्वी नाग खेळवणारे एक आजोबा आहेत. आता गुडघ्यांनी बसले. जप्तीच्या नागाची हालत कळावी म्हणून मी कधी कधी त्यांच्याकडे जाते. ते लपवत नाहीत.

"टोपलीतला नाग खात नाय, ताई. आमी अंडं फोडून नळीनं घालायचो. चालायचा दोन-तीन म्हयने."

"मग, बाबा?"

"मग दुसरा धरायचा."

हे सांगताना त्यांनी मान खाली घातली होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नाग धरणं, बाळगणं, खेळवणं गुन्हा ठरला, आणि ते बरोबरच झालं. पण बीळ बघून आत कोण आहे हे सांगणारं, फूत्कारावरून जात ओळखणारं त्यांचं ज्ञान कुणी विचारलं नाही. तमिळनाडूत इरुला लोकांच्या बाबतीत वेगळं घडलं. कातड्याचा धंदा बंद झाल्यावर १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, महाबलीपुरमजवळ वडनेम्मेलीला तिचं केंद्र आहे. परवान्यानं साप धरतात, तीन-चार आठवडे मातीच्या मडक्यांत ठेवतात, ठरावीक दिवसांनी विष काढतात, पोटावरच्या खवल्यांवर खूण करतात आणि परत सोडतात. त्या विषातून देशभरासाठी प्रतिविष बनतं. साप थोडेच दिवस ठेवायचा आणि त्याचं रान त्याला परत द्यायचं, हा मूळ विचार मला फार पटतो. आमच्या आजोबांच्या हाती असं काही पडलं असतं तर कितीतरी नाग वाचले असते आणि त्यांच्या नातवंडांनाही भीक मागावी लागली नसती.

*

रजिस्टरमध्ये एक शेरा सारखा दिसतो: "खात नाही." त्याच्यापुढे कारण लिहायचा नियम मी केला. कारण शोधलं की बहुतेक वेळा सापडतं.

गारठा. पावसाळी रात्री पारा २१-२२ वर येतो. नागाला पचनासाठी अंगात २८ ते ३२ अंश लागतात. अंग गार असेल तर तो खात नाही, आणि खाल्लंच तर पोटातला उंदीर पचण्याआधी सडतो.

कात. डोळे दुधाळ निळे झाले, रंग मळला, म्हणजे आठवडाभर अन्न समोरही न्यायचं नाही. त्याला धड दिसत नसतं, अंग आळलेलं असतं, तो घाबरलेला असतो.

पोटात अंडी असलेली मादी. विणीच्या हंगामात माद्यांच्या मागावर असणारे नर. हिवाळ्याच्या तोंडावरचा कुठलाही साप. यांचं न खाणं निसर्गनियमानं चाललेलं असतं.

आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे आपण. काचेसमोर येणारी-जाणारी माणसं, मोबाइल, दर तासाला झाकण उघडून "खाल्लं का?" बघणं. रानातला नाग बिळाबाहेर थोडाच वेळ असतो. इथं त्याला दिवसभर उघड्यावर, शत्रूच्या नजरेत बसावं लागतं. शत्रू समोर असताना कुणीही जेवायला बसत नाही.

*

म्हणून पेटी अशी: खाली वर्तमानपत्र, कारण विष्ठा, रक्त, जंत, ओकलेलं सगळं त्यावर लगेच दिसतं. एका टोकाला ऊब, थर्मोस्टॅट लावलेली, दुसरं टोक साधं, म्हणजे कुठं बसायचं ते तो ठरवेल. मध्ये पालथं मातीचं मडकं, काठाला नागाच्या अंगाएवढं भोक. मोठं घर नको. वेटोळं चहूबाजूंनी मडक्याला टेकलं पाहिजे, तरच त्याला निर्धास्त वाटतं. जड, न कलंडणारं पाण्याचं भांडं. काचेवर आतून काही नाही, बाहेरून खाकी कागद. साफसफाई दिवसातून एकदाच, तीही नाग मडक्यात असताना भोकावर झाकण सरकवून. मडक्याचा हा फायदा हाताळणाऱ्यालाही मिळतो. नागाला न शिवता सगळी पेटी पुसता येते.

कागद लावल्यावर काही नाग दोन-तीन रात्रींत खाऊ लागतात. औषध नाही, युक्ती नाही, फक्त खाकी कागद. नव्या मुलांना हे खरं वाटत नाही, म्हणून कागद त्यांनाच लावायला देते.

*

उंदीर कुठून आणायचे हा रोजचा प्रश्न.

आसपासचे लोक प्रेमानं उंदीर आणून देतात. एका आजींनी पिशवीत पाच-सहा आणले होते. "सापाला लागतील म्हणून राखले, बाई." त्यांना नाही म्हणताना वाईट वाटलं, पण नाही म्हणावंच लागतं. माणसाच्या हाती सहज लागणारा उंदीर हा बऱ्याचदा विष खाऊन सुस्तावलेला उंदीर असतो. झिंक फॉस्फाइड, ब्रोमाडिओलोन, कोणत्या घरी कोणती पुडी टाकली होती ते त्या घरालाही आठवत नसतं. तो उंदीर आजारी सापाच्या पोटात जाऊ देणार नाही. आम्ही पैदास केलेले पांढरे उंदीर वापरतो.

जिवंत उंदीर पेटीत सोडत नाही. दात नसलेला नाग त्याला मारू शकत नाही, आणि न खाणाऱ्या सापाला रात्रभर कोंडलेला उंदीर कुरतडतो. पाठीचा कणा उघडा पडेपर्यंत कुरतडलेली धामण मी पाहिली आहे. तेव्हा आधी मारलेला उंदीर, गोठवलेला असेल तर फ्रीजमध्ये हळूहळू वितळवलेला, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवून अंगाएवढा कोमट केलेला, पुसून कोरडा, लांब चिमट्यात. मायक्रोवेव्ह नाही. त्यानं आत एक भाग शिजतो, एक गार राहतो आणि पोट फुटतं.

अडचण अशी, की जन्मभर शेतातले भेक, बेडूक, घुशी खाल्लेल्या नागाला भुश्यात वाढलेल्या पांढऱ्या उंदराचा वास अन्नाचा वाटत नाही.

*

भेकाची युक्ती जुनीच आहे. सर्पोद्यानांत काम केलेल्या मंडळींकडून ती आमच्याकडे आली.

एक मोठी मादी होती, फण्याच्या मागे चष्म्याची खूण अगदी ठसठशीत. तोंड भरून आलेलं, दोन्ही बाजूंना नवे दात डोकावू लागलेले, कात टाकून झालेली, पाणी पीत होती, पण उंदराला हूं नाही की चूं नाही. चिमटा पुढे आला की फणा, फूत्कार आणि मडक्यात.

त्या संध्याकाळी पाऊस पडून गेला होता. आवारातल्या दिव्याखाली भेक किडे टिपत होते. त्यातला एक धरला, ओल्या हातानं. कोमट उंदराचं डोकं आणि खांदे त्याच्या पाठीवर, कानामागच्या फुगीर ग्रंथींना न दाबता, हळूच दोन-चारदा फिरवले. भेक लगेच दिव्याखाली परत. उंदीर चिमट्यानं मडक्याच्या भोकाशी ठेवला, खोलीतला दिवा मालवला, लाल बल्ब राहू दिला आणि मी दाराच्या फटीशी उभी राहिले.

आधी जीभ. संथ, लांब, खाली वाकणारी. घाबरलेल्या नागाची जीभ झटपट लवलवते, ही तशी नव्हती. मग डोकं भोकाबाहेर, जमिनीलगत, फणा मिटलेला. तिनं उंदराच्या कुशीपासून तोंडापर्यंत जिभेनं चाचपत वास घेतला. डोकं सापडल्यावर जबडा उघडला, अगदी सावकाश, दंश वगैरे काही नाही, आणि उजवा जबडा पुढे, डावा पुढे, असं करत उंदीर आत ओढू लागली. मध्येच थांबली तेव्हा मला वाटलं सोडतेय. ती श्वास घेत होती. शेपटी आत गेल्यावर तिनं दोन-तीन जांभया दिल्या, जबडे जागेवर बसवले आणि मडक्यात परत गेली.

पुढच्या खेपेला भेकाचा वास निम्मा, त्याच्या पुढच्या खेपेला नुसता नाकाला. असं करत तिला साध्या उंदरावर आणलं. सगळ्याच सापांचं इतकं सरळ जमत नाही.

भेकच का खायला घालत नाही, असं विचारतात. एका रानच्या जिवासाठी दुसरे रानचे जीव रोज धरायचे, आणि त्यांच्यातले जंत आजारी सापाच्या पोटात घालायचे, हे मला मान्य नाही. नुसता वास उसना घेण्यात भेकाचं काही जात नाही.

*

इतर पाहुण्यांबद्दल, त्रोटक.

धामण: काच तिला कळत नाही. दिवसभर पळायला बघते, नाकाड घासून रक्त काढते. तिला खायला घालण्याची खटपट करण्याआधी काच झाकावी आणि जखम बरी होताच सोडावी. तिच्यासाठी पेटी म्हणजे रोजची नवी जखम.

दिवड: मासे आवडीनं खातो, म्हणून लोक त्याला "सोपा" म्हणतात. पण काही माशांत थायामिनेज नावाचं विकर असतं, ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. नुसत्या अशा माशांवर ठेवलेला दिवड पुढे मान वाकडी करतो, गोल गोल फिरतो, झटके येतात. मासे ८० अंशांच्या पाण्यात पाचेक मिनिटं ठेवले तर ते विकर मरतं.

हरणटोळ: भांड्यातलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही. पानांवर फवारावं लागतं, मग ओठांवरून ओघळणारे थेंब तो पितो. सरडे, पाली, बेडूक, तेही हलणारे. मेलेल्या उंदराकडे त्याची आडवी बाहुली वळतही नाही. त्याला ठेवूच नये.

मण्यार: दुसरे साप खाते, आपल्या जातीचेही. दोन मण्यारी एका पेटीत ठेवणाऱ्याला सकाळी एकच सापडेल. दुसऱ्या सापाची कात ओली करून उंदराला गुंडाळली तर कधी कधी घेते. याच वासानं नागराजालाही उंदराची सवय लावतात, कारण त्याचं मुख्य अन्न साप, त्यात धामण आवडीची.

वाळा: मुंग्या-वाळवीच्या अंड्या-अळ्यांवर जगतो. लोक "सापाचं पिल्लू" म्हणून आणतात. त्याच दिवशी कुंडीतल्या ओल्या मातीत सोडायचा.

*

अंडीखाऊवर वेगळं लिहायला हवं, कारण याच्याएवढा चोखंदळ साप आपल्या राज्यात दुसरा नाही. फार थोड्या नमुन्यांवरून माहीत असलेला हा साप महाराष्ट्रातून नोंदला गेला तो वर्धा जिल्ह्यात, २००५ मध्ये ती नोंद प्रसिद्ध झाली. नंतर विदर्भात तो बऱ्याच ठिकाणी आढळला, इतका की लोक त्याला इतकी वर्षं मांजऱ्या समजून मारत होते की काय, अशी शंका येते. पक्ष्यांची अंडी हेच त्याचं अन्न. तोंडातले दात नावापुरते. अंडं अख्खं गिळतो आणि घशात मणक्यांची टोकं खाली उतरलेली असतात त्यांच्यावर दाबून फोडतो. जीभ लावून अंडं तपासतो. नासकं किंवा आत पिल्लू भरलेलं असेल तर सोडून देतो. कोंबडीचं अंडं त्याच्या तोंडाबाहेरचं. लहान पक्ष्यांची वीण संपली की महिनोन् महिने तो काही खात नाही, आणि त्यात त्याचं काही बिघडत नाही. अशा सापाला "भूक लागली असेल हो" म्हणून पेटीत ठेवून घेणं हा शुद्ध अन्याय आहे.

*

नळीनं भरवणं.

ते करावं लागतं, नाकारत नाही. अगदी वाळलेल्या, हाडं दिसणाऱ्या सापाला डॉक्टर मऊ नळीनं पातळ अन्न देतात, थोडं, ठरवून. पण सांभाळणाऱ्याची घालमेल शमावी म्हणून ते करू नये. दर वेळी नाग धरावा लागतो, भरत आलेली हिरडी पुन्हा खरवडते, आणि माणसाच्या हाताचा अर्थ त्याच्यापुरता एकच होऊन बसतो. ज्याचं वजन टिकून आहे त्याला भरवायचं नाही. म्हणून आमच्या वहीत अन्नाच्या रकान्यापेक्षा वजनाचा रकाना मोठा आहे. दर आठवड्याला कापडी पिशवीतून, त्याच काट्यावर, त्याच वारी. आल्या दिवशीच्या वजनात पाणी भरल्यावर वाढ होते, तिथून पुढे दहा टक्के घट झाली तर डॉक्टरांना बोलवायचं. त्याच्या आत असेल तर थांबायचं.

खाल्ल्यावर दोन-तीन दिवस नागाला हात नाही, वजनही नाही. हात लावला की ओकतो. ओकलेल्या अन्नाबरोबर पोटातलं आम्ल घसा जाळत येतं, म्हणून त्यानंतर दहा-पंधरा दिवस काही द्यायचं नाही, नुसतं पाणी, आणि मग अगदी लहान घास.

रानातून आलेल्या सापाच्या अंगावर गोचीड असतातच, फण्याखालच्या मऊ कातडीत, नाकपुडीच्या कडेला, डोळ्याशी. पोटात जंतही असतात. रानात त्यांचं निभतं. कोंडलेल्या, खंगलेल्या सापात तेच जंत डोईजड होतात. विष्ठा तपासून औषध द्यायचं, अंदाजानं नाही.

*

मांडूळ. त्याला "दुतोंड्या" म्हणून, गुप्तधन दाखवतो म्हणून, औषध होतं म्हणून लाखोंच्या गोष्टी सांगितल्या जातात आणि फसवणुकीचा सगळा बाजार वजनावर चालतो. त्यामुळे आमच्याकडे येणारं मांडूळ उपाशी नसतं, उलट कोंबून कोंबून फुगवलेलं असतं. सुटी, कोरडी माती आणि शांतता मिळाली की ते आत शिरून बसतं आणि तिथंच पचवतं. त्याला नवं अन्न देण्याची घाई नको.

खरा त्रास पुढे होतो. पकडलेलं मांडूळ गुन्ह्यातला मुद्देमाल असतं, कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही. कागद फिरत राहतो. एका प्रकरणात मादी पोटुशी होती. मांडूळ अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतं. ती पिल्लं मुद्देमालाच्या यादीत नव्हती, म्हणून आम्ही पंचनामा करून लगेच सोडली. आई कोर्टाच्या तारखेसाठी मागे राहिली. वन्यजीवाच्या मुद्देमालाचा निकाल आठवड्याच्या आत लागला पाहिजे, असं मी प्रत्येक बैठकीत बोलते.

*

सोडण्यावरून झालेलं बोलणं.

एक नाग आमच्याकडे राहून गेला त्या मुक्कामात त्यानं एकदाही खाल्लं नाही. भेकाचा वास, घुशीच्या बिळातली माती, कोंबडीचं पिल्लू, अंडं, सगळं करून झालं. पण हिरडी साफ भरली, दोन्ही विषदंत आले, पाणी पीत होता, विष्ठेत जंत नव्हते, वजन जागेवर होतं.

वनपाल म्हणाले, "ताई, खाल्ल्याशिवाय सोडायचा कसा? उद्या मेला तर?"

"साहेब, इथं ठेवला तर नक्की मरेल. तिथं त्याच्या ओळखीचं अन्न आहे."

"रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"आहे ते. बरा झाला, बंदिवासात अन्न घेतलं नाही."

डॉक्टरांनी सही केली. गारुड्याच्या जबाबात धरल्याचं ठिकाण होतं, त्याच शिवाराजवळ त्याला सोडलं. दूरच्या दाट जंगलात नेऊन सोडण्याची पद्धत मला मान्य नाही. आगुंब्याला नागराजांना रेडिओ टॅग लावून बघितलं गेलं, तेव्हा दूर नेऊन सोडलेला नागराज जागा न सापडल्यासारखा लांब लांब भटकत राहिला. त्या शिवारात भात गुडघाभर आला होता, बांधांना उंदरांची बिळं होती, आणि चिखलात भेक इतके की चालताना पाय जपून ठेवावा लागत होता.

त्यानंतर आम्ही आमची अट बदलली. वाळून, हाडं दिसत आलेल्या नागानं सोडण्याआधी स्वतःहून दोन-तीनदा खाल्लं पाहिजे, ही अट ठेवली. ज्याचं वजन शाबूत आहे त्याला ती लावायची नाही.

आत्ता केंद्रात दोन नाग आहेत. एक उंदीर घेतो. दुसऱ्याला अजून भेकाचा वास लागतो आणि त्याची डावी हिरडी भरायची आहे. दिवाळीनंतर रात्री गार पडतील, तेव्हा त्याआधी दोघांनाही सोडायचं आहे, म्हणजे थंडीचं बीळ शोधायला त्यांना वेळ मिळेल. डॉक्टर शुक्रवारी येतात. तोवर डाव्या पेटीचा खाकी कागद काढायचा नाही, असं दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे.